घरी पोचलो तर कूलर आधीच लागलेला होता

नाग_ते_एल्बे | १४ मार्च, रात्री ११:५२

दीड वर्षानं नागपूरला आलोय. ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतोय. तिसरं सेमिस्टर संपलं, एक विषय मागं राहिला, तो राहिला. तिकडं हिवाळी सेमिस्टरचे वर्ग फेब्रुवारीत आटोपतात आणि उन्हाळी एप्रिलमध्ये सुरू होतात. मधल्या सुटीतले तीन आठवडे घरी काढायचे ठरवले.

विमान पहाटे उतरलं. बाबा घ्यायला आले होते. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. बाबांनी विचारलं, "स्वेटर आणलं नाई का?" मार्चमध्ये. नागपुरात. मी जर्मनीहून येतोय म्हणजे मला थंडी वाजतच असणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

आता मुद्द्यावर येतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण त्यांच्याकडे कूलर म्हणजे चाकं लावलेला प्लॅस्टिकचा डबा. आमचा कूलर पत्र्याचा, खिडकीएवढा, दोघांनी उचलायचा. होळी झाली की गच्चीवरून खाली आणायचा. टाकीचा गंज खरवडायचा, आतून डांबर लावायचं, दोन दिवस वाळू द्यायचं. मागच्या जूनपासून काळं पडलेलं ताट्यांमधलं, म्हणजे कूलरच्या बाजूच्या जाळीदार चौकटींमधलं, गवत काढून फेकायचं आणि नवीन भरायचं. खरी कला या भरण्यात. जास्त दाबलं तर हवा येत नाही. सैल ठेवलं तर मे महिन्यात ते खाली बसतं आणि वरच्या फटीतून झळ येते. मग मोटरची जाळी, मग पाण्याच्या नळीची भोकं सुईनं मोकळी करणं. एवढं झालं की पुढचे तीन महिने रोज संध्याकाळी बादल्या.

आठव्या वर्गापासून हे काम माझं. कुणी दिलं नव्हतं. एका वर्षी बाबांची कंबर धरली, मी केलं, तेव्हापासून ते माझं झालं.

या वेळी येताना मी मनात तेच धरून आलो होतो. विमानात खरोखर विचार करत होतो की गवत इतवारीतून आणावं की कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून. घरी आलो तर कूलर खिडकीत लागलेला. ताट्या नव्या, पिवळ्याधमक. वर टाकीला पाइप जोडून आत बॉल बसवलेला, म्हणजे पाणी आपोआप भरतं. बादली नाही, काही नाही.

आई म्हणाली, "एक पोट्टा येते ना राजा. अडीचशे रुपये घेते, दोन घंट्यात मोकळा. तुले कायले तरास?"

मी "बरं झालं" म्हटलं आणि आंघोळीला गेलो. पण खरं सांगतो, वाईट वाटलं. एवढं वाईट का वाटावं ते चार दिवस झाले तरी पुरतं कळलेलं नाही, म्हणून इथं लिहून पाहतोय.

तिकडं देश आठवतो का असं सगळे विचारतात. आठवतो म्हणजे काय, ते मला नीट सांगता येत नाही. वर्गातल्या मुलांनी विचारलं, कुठला, तर मी सांगतो, देशाच्या मधोमध, झिरो माइल आमच्या गावात आहे. त्यावर ते विचारतात, मुंबईच्या जवळ का? मी म्हणतो, आठशे किलोमीटर. झालं, तिथं देश संपतो. तर्री पोहे आठवतात, सावजी आठवतं, ते नाही असं नाही. पण तर्रीचा मसाला पिशवीत घालून नेता येतो, आणि नेलाही आहे. जे नेता येत नाही ते वेगळंच निघालं. जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे साडेबारा वाजले की माझ्या डोक्यात आपोआप यायचं, घरी आता पाच वाजले, पाणी भरायची वेळ झाली. डिसेंबरात! कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली आणि मी तिथं बर्फात. तरी यायचं.

माझ्या हॉस्टेलच्या फ्लॅटमध्ये चौघं राहतो. स्वयंपाकघराच्या दारावर सफाईचा तक्ता लावलाय, त्याला पुत्सप्लान म्हणतात. या आठवड्यात ओटा कुणाचा, पुढच्या आठवड्यात बाथरूम कुणाचं, सगळं नावानिशी. मी इकडं निघालो त्या दिवशी फ्लॅटमधल्या मुलीनं माझं नाव पेन्सिलनं खोडलं आणि तीन आठवड्यांनंतरच्या चौकटीत लिहिलं. मला ते आवडलं. माझी जागा कुठं आहे ते कागदावर दिसत होतं. घरी असा कागद कधीच नव्हता, कारण लागलाच नाही. कूलर माझा, देवाची फुलं बाबांची, गॅसचा नंबर लावणं ताईचं. ताईचं लग्न झालं तेव्हा गॅसचं काम आईनं घेतलं, तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. आता वाटतंय.

आणखी एक. लेआऊटमधले, म्हणजे आमच्या कॉलनीतले, सगळे भेटतात आणि एका दमात विचारतात, "कधी आला? कधी जाणार?" आपल्याकडे हे दोन प्रश्न जोडून कुणाला विचारतात? पाहुण्याला.

तर विचारायचं एवढंच. तुम्ही घर सोडल्यावर तुमचं कोणतं काम दुसऱ्यानं घेतलं? आणि परत आल्यावर काय केलंत?

---

तर्री_जास्त | १५ मार्च, सकाळी ७:१०

भाऊ, एवढा रडून राहिला का कूलरसाठी? आमच्या घरी तीन हायेत. तिन्ही गच्चीवर. मी मागच्या होळीपासून "उद्या करतो" म्हणून राहिलो. पत्ता देतो, ये. चहा, पोहे, वरून अडीचशे रुपयेही देतो.

---

सिमेंट_रोड | १५ मार्च, सकाळी ९:३५

लेख आवडला, पण थोडा लाडाचा वाटला. तुम्ही लोक तिकडच्या सिस्टीममध्ये राहता, ट्राम मिनिटावर येते, सगळं शिस्तीत, आणि आठवण येते म्हणे डांबर लावायची. इथं आमच्या गल्लीत सिमेंट रोडसाठी चार महिन्यांपासून खोदून ठेवलंय. गाडी घरापर्यंत जात नाही. या आणि त्याची आठवण घेऊन जा.

---

नाग_ते_एल्बे | १५ मार्च, सकाळी ११:०२

@तर्री_जास्त: विचार करतो, खरंच.

@सिमेंट_रोड: खोदकामाबद्दल पूर्ण सहानुभूती. शिस्तीबद्दल मात्र सांगतो. मी पोचायच्या साधारण तीन आठवडे आधी, ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास ड्रेस्डेनच्या ऐन मध्यातला कॅरोला पूल कोसळला. ट्रामचे रूळ असलेला शंभरेक मीटरचा भाग थेट एल्बे नदीत. शेवटची ट्राम जाऊन काही मिनिटंच झाली होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. जर्मनीत! बाबांनी बातमी वाचून फोन केला, "अबे, तू तिकडं पूल शिकाले चालला ना?" (मी सिव्हिलचा.) त्यांना दोन दिवस हसू आवरत नव्हतं.

पुढं जानेवारी २०२५ मध्ये तोच पूल पाडताना दुसऱ्या महायुद्धातला अडीचशे किलोचा ब्रिटिश बॉम्ब सापडला. मध्यवर्ती शहराचा मोठा भाग रिकामा केला, निकामी करेपर्यंत सगळं ठप्प. ऐंशी वर्षं नदीकाठी तसाच पडून होता.

आता हे लिहितोय तर आणखी एक आठवलं. १३ फेब्रुवारी १९४५ ला ड्रेस्डेनवर बॉम्बहल्ला झाला. त्या तारखेला दरवर्षी लोक जुन्या शहराभोवती हातात हात धरून साखळी करतात, आणि रात्री पावणेदहाला चर्चच्या घंटा वाजतात. २०२५ ला ऐंशी वर्षं झाली म्हणून मी बघायला गेलो होतो, फक्त बघायला. एका म्हाताऱ्या बाईनं माझी बाही ओढली आणि दोन माणसांच्या मधली मोकळी जागा दाखवली. उभा राहिलो. पंधराएक मिनिटं अनोळखी लोकांचे हात धरून. तिकडच्या दीड वर्षात "तू इथं उभा राहा, इथं माणूस कमी आहे" असं मला तेवढ्या एकदाच कुणीतरी म्हणालं.

---

झिरोमाइल_पंडित | १५ मार्च, दुपारी १:२०

विषय चांगला, पण एक दुरुस्ती. झिरो माइल म्हणजे देशाचा मध्यबिंदू हा आपल्या शहराचा लाडका गैरसमज आहे. तो १९०७ सालचा दगड ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेच्या, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या देशाच्या मोजणीच्या, कामातला. जवळच्या खांबावर गावांची अंतरं कोरलेली आहेत, शेजारी चार घोडे, फोटो छान येतो. मध्यबिंदू वगैरे आपण नंतर चिकटवलं. जर्मन पोरांना खोटं सांगू नका, ते मोजून बघतील.

बाकी घर सोडण्याचं म्हणाल तर या शहरात आधी राजधानीच घर सोडून गेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. आमचे आजोबा सचिवालयात कारकून. ते एका फाइलीसारखे मुंबईला पाठवले गेले. गिरगावात एका खोलीत चौघं कारकून. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या विहिरीचा दोर आणि रहाट आजोबांकडे असायचा. दरवर्षी चैत्र लागायच्या आत नवा दोर तेच आणत. मुंबईहून त्यांची पत्रं यायची, त्यात फेब्रुवारीच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ: "विहिरीचा दोर पाहून घेणे, जुना भरवशाचा नाही."

गंमत अशी की घरात नळ येऊन विहिरीवर लोखंडी जाळी पडली तरी ती ओळ येतच राहिली. आजी उत्तरात लिहायची, "दोर बदलला." मी ती पत्रं वाचली आहेत. तिनं निदान सहा वर्षं तरी तो दोर बदलला.

---

देशी_माणूस | १५ मार्च, दुपारी ३:४४

एवढंच काम आठवतं तर परत या ना. देशात कामाची कमी आहे का? इथल्या पैशावर शिकायचं, परदेशात जाऊन दुकानातली खोकी लावायची आणि वर हळवे लेख लिहायचे. मोटर बदलणारा पोरगा तुमच्यापेक्षा देशाच्या जास्त कामाचा.

---

नाग_ते_एल्बे | १५ मार्च, दुपारी ४:१५

शेवटचं वाक्य मान्य, म्हणून तर हा धागा काढला. खोकी लावतो हेही खरं, शनिवारी सुपरमार्केटमध्ये. बाकी इंजिनिअरिंग खासगी कॉलेजात फी भरून केलं आणि जर्मनीसाठी बँकेचं कर्ज आहे, घर तारण. आईबाबांचं घर. त्यामुळं परत कधी यायचं ते मी एकटा ठरवत नाही, हप्ता ठरवतो.

---

पुढच्या_वर्षी_जाणार | १५ मार्च, संध्याकाळी ५:०१

सॉरी, थोडं अवांतर. जर्मनीच्या व्हिसासाठी आधी पैसे ठेवावे लागतात त्या ब्लॉक्ड अकाउंटला किती लागतात सध्या? आणि काम किती करता येतं?

---

नाग_ते_एल्बे | १५ मार्च, संध्याकाळी ५:३०

मी केलं तेव्हा ११,२०८ युरो होते, म्हणजे महिन्याला ९३४ हाती येत. सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ केले, महिन्याला ९९२. पैसे तुमचेच, पण तिकडं पोचल्यावर दर महिन्याला तुकडा मिळतो, एकदम काढता येत नाहीत. कामासाठी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. युनिव्हर्सिटीतच प्राध्यापकांकडे सहायकाचं काम मिळालं, त्याला हिवी म्हणतात, तर उत्तम, पण पहिल्या सेमिस्टरला भाषेमुळं बहुतेकांना खोकीच लावावी लागतात. जर्मन भाषा इथूनच बी१ पातळीपर्यंत करून जा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी डॉक्टर, भाडं आणि शेजारी जर्मनमध्ये असतात. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाहीतर हा धागा व्हिसाचा होईल.

---

महालची_काकू | १५ मार्च, रात्री ९:४८

मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण आज लिहिते, कारण तुझी आई इथं लिहिणार नाही.

माझा मुलगा टोरांटोला आहे. इथं होता तेव्हा रोज सकाळी दुधाच्या थैल्या तो आणायचा. चौकात जायचा, येताना पेपर, आणि त्याला वाटायचं मला माहीत नाही पण पानठेल्यावर दोन मिनिटं थांबून यायचा. तो गेल्यावर दोन महिने मी स्वतः गेले. मग थंडीत गुडघे धरले, तेव्हा दूधवाल्याला घरी द्यायला सांगितलं. काम थांबवता येत नाही रे. घर चालवायचं असतं.

मागच्या वर्षी तो पंधरा दिवस आला. आला त्याच्या आदल्या दिवशी मी दूधवाल्याला फोन करून पंधरा दिवस बंद ठेवायला सांगितलं. सकाळी म्हटलं, "जा रे, दूध आण, थैली दाराच्या मागं आहे." तो पांघरुणातून म्हणाला, "आई, अजून घरपोच लावलं नाहीस? ॲपवर दोन मिनिटांचं काम आहे." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं लावून दिलं! आता माझ्याकडे दूधवालाही येतो आणि ॲपचंही येतं. रोज दही लावते.

तुझ्या आईनं कूलर आधी लावला तर तुझ्यावर राग म्हणून नाही. तू तीन आठवड्यांसाठी येतोस, त्यातले तीन दिवस गंज खरवडण्यात जाऊ नयेत असं तिला वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं असतं, जर माझ्या मुलानं ॲप लावलं नसतं तर.

---

ट्रॅव्हल्सची_खिडकी | १६ मार्च, सकाळी ८:०५

सगळ्यांचं वाचलं. डोळे पाणावले वगैरे. आता माझं ऐका.

मी पण नागपूरची, पुण्यात एम.एस्सी. करते. दिवाळीला ट्रॅव्हल्सनं सकाळी सातला उतरते आणि आठला कणिक मळत असते. माझं कोणतंही काम कुणीही घेतलेलं नाही! मी सहा महिने नव्हते तर घरात भांडी घासायला बाई लावली, आणि मी येणार म्हणून त्याच आठवड्यात बाईला सुट्टी दिली. काकू, तुम्ही दूधवाल्याला सुट्टी दिलीत ते प्रेम, हे मी समजू शकते. पण आमच्याकडे जे होतं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा भाऊ बेंगळुरूहून येतो तेव्हा त्याच्यासाठी वडाभात, गोळाभात, पाटोडी, सगळं. बेसन कोण भिजवतं? मी. सांबार कोण निवडतं? मी. (पुण्यात कोथिंबीर म्हणायला शिकले, भाजीवाली हसायची.) तो "थकून" आलेला असतो. मी त्याच रात्री, तेवढ्याच तासांचा प्रवास करून आलेली असते.

तर भाऊ, "घरात माझं काम उरलं नाही" हे दुःख मला एकदा अनुभवून पाहायचंय. तुझ्या कामाचा निदान भाव तरी निघाला, अडीचशे रुपये. माझ्या कामाचा भाव कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

चिडून लिहिलंय, पण खोटं लिहिलेलं नाही.

---

तर्री_जास्त | १६ मार्च, सकाळी ८:१२

🙏 ताई, आज मी स्वतःची प्लेट स्वतः घासली.

---

ट्रॅव्हल्सची_खिडकी | १६ मार्च, सकाळी ८:१४

बाकीच्यांच्या?

---

पर्लकोटा | १६ मार्च, रात्री १०:२६

मी भामरागड तालुक्यातला, माडिया आदिवासी. नागपूरला हॉस्टेलमध्ये राहून एम.ए. करतो. मराठी ही माझी शाळेतली भाषा, चुका असतील तर समजून घ्या.

वर जर्मनीवाल्या दादांनी लिहिलं की मुंबईच्या जवळ का असं विचारतात. मला नागपुरात विचारतात. कुठला? गडचिरोली म्हटलं की पुढचा प्रश्न नक्षल्यांचा. दुसरा प्रश्न, तिकडं मोबाइल चालतो का. माझ्यासाठी घर ते इथपर्यंतचा प्रवासच परदेशासारखा आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं. मग मी इथं आणि घर तिथं, मध्ये विमानही नाही.

काम विचारलंत म्हणून सांगतो. आता मार्च आहे, मोह पडतो. आमच्याकडे घरोघरी मोहाची झाडं ठरलेली असतात. आमची पाच. त्यातलं नाल्याकाठचं माझं होतं. झाडाखालची जागा आधी झाडून, पालापाचोळा काढून स्वच्छ करायची, म्हणजे फुलं मातीत मिसळत नाहीत. मग पहाटे अंधारातच टोपली घेऊन जायचं, कारण फुलं पहाटे पडतात, आणि उशीर केला तर गुरं आणि अस्वल दोघंही खातात. अस्वलाची भीती असते म्हणून मोठ्यानं गाणं म्हणत जायचं. माझा आवाज वाईट आहे, त्यामुळं अस्वल नक्की पळायचं.

तीन वर्षं झाली, मार्च-एप्रिल आला की माझ्या परीक्षा असतात. नाल्याकाठचं झाड आता धाकटी बहीण वेचते. मागच्या वर्षी घरी गेलो तर आई कुणाला तरी सांगत होती, त्या झाडापाशी, आणि तिनं बहिणीचं नाव घेतलं. आधी माझं घ्यायची. मला वाईट वाटलं नाही. बहिणीनं त्या वर्षी फुलं विकून स्वतःच्या पैशांनी सायकल घेतली. पण त्या रात्री मी झाडाकडे जाऊन आलो. उगाच.

---

झिरोमाइल_पंडित | १६ मार्च, रात्री १०:५०

@पर्लकोटा: तुमची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. अस्वलाच्या गाण्याचा वेगळा धागा काढा.

---

अंबाझरीचा_गाळ | १७ मार्च, सकाळी ६:५५

२३ सप्टेंबर २०२३. रात्रीतून ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. मी आणि बायको, दोघंच. मुलगा हैदराबादला. पहाटे व्हिडिओ कॉलवर तो सांगत होता, "बाबा, आधी इन्व्हर्टरची वायर. नाही, ती नाही, काळी. फ्रिजचा प्लग काढा. माझ्या कपाटाचा खालचा खण राहू द्या, तिथं काही नाही." घरातलं इलेक्ट्रिकचं काम सगळं त्याचंच असायचं. पाणी कमरेपर्यंत आलं तरी तो फोन ठेवत नव्हता.

खालच्या खणात त्याचं बारावीपर्यंतचं सगळं होतं. गेलं. त्याला माहीत होतं.

---

नाग_ते_एल्बे | २१ मार्च, रात्री ११:३०

मध्ये चार-पाच दिवस लिहू शकलो नाही. थोडा वृत्तांत.

आधी @ट्रॅव्हल्सची_खिडकी. तुमचं वाचून गप्प बसलो, कारण उत्तर नाही. ताईच्या गॅसच्या नंबराबद्दल मी वर एका वाक्यात लिहून मोकळा झालो. ती घरी असताना आणखी काय काय करायची ते आठवायला बसलो तर यादी कूलरपेक्षा बरीच लांब निघाली. तिनं ती कुठं कधी लिहिली नाही. तिला फोन केला आणि हे सांगितलं. ती म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?" मग मी तीन दिवस रात्रीची भांडी घासली. पहिल्या दिवशी आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "पैसे पाहिजेत का?" तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कढई तू नको घासू, चिकट राहाते." म्हणजे काम मिळायच्या आधीच गेलं.

@महालची_काकू: आईला सरळ विचारलं की तू कूलर आधी का लावला. मला वाटलं तुम्ही म्हणता तसं काहीतरी निघेल. ती म्हणाली, "ऊन वाढलं होतं." एवढंच. मी वाट पाहिली, पण पुढं काही नाही. ती कुकरकडे वळली.

आता पाडव्याची गोष्ट. परवा, पाडव्याच्या रात्री, कूलरचा बॉल अडकला. पाणी थांबेना. टाकी भरून वाहिली, गॅलरीतून खालच्या भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या गाद्यांवर. रात्री दीड वाजता बाबांनी हलवलं, "ऊठ बे, कूलर पाह्य!" पोट्ट्याचा फोन बंद, तो सणाला गावी गेलेला. अंधारात मोबाइलची बॅटरी दातात धरून बॉल काढला, पत्र्यानं बोट कापलं, आईनं हळद दाबली आणि भाडेकरू काका खालून जे बोलायचं ते बोलले. बाबा म्हणाले, बादलीच बरी होती.

मला आनंद झाला हे कबूल करतो. पण खरी गोष्ट वेगळीच. बॉल काढायला ताटी बाजूला करावी लागली तेव्हा त्या पोरानं गवत कसं भरलंय ते पाहिलं. खाली दाट, वर सैल, आणि मधोमध तारेची एक आडवी ओढ दिलेली, म्हणजे गवत खाली सरकतच नाही. बारा वर्षं मी ताट्या भरल्या, हे मला सुचलं नव्हतं. आमचा कूलर मे महिन्यात झळ मारायचा तो माझ्यामुळं. सिव्हिल इंजिनिअर!

काल तो पोरगा बॉल बदलायला आला. तारेचं विचारलं. म्हणाला, बालाघाटकडचा आहे, तीन महिने नागपुरात कूलर करतो, मग गावी धान लावायला जातो. मी म्हटलं, तार भारी आहे. तो म्हणाला, "सब लगाते हैं भैया." मग त्यानं विचारलं, आप कब आए, कब जाओगे? मी पण त्याला तेच विचारलं.

---

तर्री_जास्त | २१ मार्च, रात्री ११:४१

भाऊ, ते तारवालं शिकून घेतलं ना? आमचे तिन्ही कूलर अजून गच्चीवरच हायेत. आज इतवारीतून गवत आणून ठेवलं, बायको म्हणे आता तरी करा. रविवारी जमते का?

---

नाग_ते_एल्बे | २१ मार्च, रात्री ११:४४

सकाळी नऊला येतो. डांबर आहे का घरी? आणि पक्कड लागेल, तार पिळायला. नसेल तर मी आणतो.

---

तर्री_जास्त | २१ मार्च, रात्री ११:४५

पक्कड हाय. डांबर नाई. पोहे किती जणांचे सांगू?

---

पर्लकोटा | २२ मार्च, सकाळी ६:०२

दोन जणांचे सांगा. रविवारी माझा पेपर नाही.